सात नंबरची दोन कार्डं

माय, काल मी एका बाईला सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत अंगणात, सगळ्यांसमोर, हात मांडीवर उताणे ठेवून बसवलं. तू बसवायचीस तसंच. आणि मला ते करताना बरं वाटलं. लिहायला बसण्याचं कारण एवढंच आहे. ती बाई गेली बारा वर्षं माझ्याकडची कार्डं सांभाळते. आज सकाळी तिने निरोप पाठवला की पाच वाजता येते, ताब्यातलं सगळं मोजून देते आणि काम सोडते. आत्ता अडीच वाजलेत. मी एक वाक्य बोलले तर ती थांबेल असं मला वाटतं. वाक्य मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही, त्यामुळे ते कोणत्या आवाजात म्हणायचं हे मला ठाऊक नाही. तू जाऊन सव्वीस वर्षं झाली. तू होतीस तोवर आपण एकाच घरात राहत होतो, आणि तुला आकड्यांपलीकडे काही वाचायचा कंटाळा होता, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ आली नाही.

आपली मिरची वाळवायची पथारी तेव्हा गावाबाहेर होती. आता गाव तिच्या पुढे निघून गेलंय, फाटकासमोर मोबाइलचं दुकान आहे, आणि वारा फिरला की दुकानदार नाकाला रुमाल लावून आमच्याकडे रागाने बघतो. काम तेच आहे. लाल मिरची वाळवायची, बायांनी देठ खुडायचे, खुडलेली मिरची पोत्यात भरायची, पोतं चक्कीवर न्यायचं, दळायचं, चाळायचं, तिखट पिशव्यांत भरायचं. कार्डं येण्याआधीचे दिवस मला चांगले आठवतात. खुडणीची मजुरी वजनावर, म्हणून बाया मान वर न करता खुडायच्या. चक्की मात्र तिच्या चालीनेच चालायची. मधल्या छपरात पोत्यांवर पोती, वाशांना टेकलेली. देठ निघाला की मिरचीचं तोंड उघडं पडतं, मग ती हवेतला ओलावा ओढते. पोत्यात दाबून राहिली की घामेजते, काळी पडते, आणि तळाचं पोतं उघडलं की आधी वासच येतो. दर वर्षी तू तळाची पोती उकिरड्यावर टाकायचीस आणि बायांना शिव्या द्यायचीस. त्या भराभर खुडत होत्या यात त्यांचा काही दोष नव्हता, पण शिव्या द्यायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

मी धुळ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एक इंजिनियर पाहुणे म्हणून बोलायला आले आणि त्यांनी जपानमधल्या मोटारीच्या कारखान्याची पद्धत सांगितली. तिथे पुढचा कामगार माल वापरला की मागच्याकडे एक कार्ड पाठवतो. कार्ड आल्याशिवाय मागच्याने एकही नग करायचा नाही. मधे साठा होतच नाही. बाकीच्या मुली जांभया देत होत्या. मला आपल्या छपरातली पोती दिसत होती. दिवाळीच्या सुट्टीत मी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दहा कार्डं केली, त्यांवर एक ते दहा आकडे घातले आणि खुडणीच्या छपरात दहा खिळे ठोकले. तू बघत उभी होतीस. म्हणालीस, "पत्ता खेळाना शेतस का आते?"

मी समजावलं. खिळ्यावरचं कार्ड काढायचं, मग एक पोतं खुडायला घ्यायचं. पोतं भरलं की कार्ड त्यालाच बांधायचं. चक्कीवाल्याने पोतं रिकामं केलं की कार्ड परत खिळ्यावर. सगळे खिळे रिकामे असतील तर दहा पोती मधे पडलेली आहेत, अकरावं करायचं नाही. तू ऐकता ऐकता हातातल्या मिरचीचा देठ काढलास. "म्हंजे कार्ड नई ते काम नई." मी हो म्हटलं. "आनि तवढा येळ त्या बाया काय करतीन?" मी म्हटलं, बसतील. तू हसलीस. "बसतीन. बरं. बसू दे." त्या हसण्याचा अर्थ मला महिन्याभराने कळला.

आधी बाया आपापल्या परीने बसायच्या. कोणी मेथी निवडायची, कोणी शेजारणीच्या डोक्यातल्या उवा बघायची, कोणी पोराची चड्डी शिवायची. तुला ते सहन होईना. "मन्ही पथारीमा बशी ऱ्हायनी ना? मंग हात दखाड." हात मांडीवर, तळवे वर, बोटं उघडी. छपरात नाही, अंगणात, उन्हात. मिरची खुडलेल्या बोटांची आग सावलीत जरा दबते, उन्हात ती मनगटापर्यंत चढते. हे मी बायांकडून ऐकलेलं नाही. पोतं रिकामं व्हायच्या आधीच मी एकदा चक्कीजवळून कार्ड सोडून आणलं आणि खिळ्यावर लावलं. तू मला बारा ते चार बसवलंस. स्वतःची मुलगी, कॉलेजात जाणारी, कार्डं जिने आणली ती. दोनला तू पाणी घेऊन आलीस आणि तांब्या स्वतः माझ्या तोंडाला लावलास, माझे हात हलू नयेत म्हणून. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. ते तू पदराने पुसलंस, आणि म्हणालीस, "आते याद ऱ्हाई."

त्या वर्षी एकही पोतं उकिरड्यावर गेलं नाही. हे मी लिहिलं नाही तर पत्र खोटं ठरेल. तळाला पोतं राहिलंच नाही, कारण थर लागलेच नाहीत. तिखटाचा रंग असा उतरला की व्यापारी पिशवीत हात घालून पुन्हा पुन्हा बघायचे. पद्धत बरोबर होती. तिला तुझे हात लागले एवढंच. पण हात तुझेच होते म्हणून ती टिकली, हेही खरं. माझ्या हातांनी ती महिन्याभरात मोडली असती. कोणी बाई रडवेली होऊन "ताई, एकच पोतं" म्हणाली असती आणि मी दिलं असतं.

स्वयंपाकघरातही तू तेच आणलंस. तव्यावर एक भाकरी, परातीत एक, टोपल्यात एकही नाही. समोरच्याने पानातली संपवल्याशिवाय पुढची थापायची नाही. बाबा ताटावर वाट बघत बसलेले असायचे. एकदा म्हणाले, "माले बी एक कार्ड दे व, दुसरी भाकर मांगाले." त्या दिवशी तू खरोखर हसलीस, पीठ लागलेल्या हाताने तोंड झाकून. मी मैत्रिणीच्या हळदीला जायचं म्हणून एकदा सात भाकरी आधीच करून ठेवल्या आणि गेले. परत आले तर सातही तशाच टोपल्यात. बाकीच्यांना तू नव्या, गरम वाढल्या होत्यास. "ह्या कोनासाठे करात तू?" माझ्यासाठीच, असं कळलं. दोन दिवस मी त्या खाल्ल्या. शेवटची मोडायला खलबत्ता घ्यावा लागला.

आणि माझा निकाल लागला त्या दिवशी तू मला कापडात गुंडाळलेली दहा पत्र्याची कार्डं दिलीस. पुठ्ठा तेलकट होतो, फाटतो, म्हणून तेलाचे डबे फोडून कापून घेतली होतीस. आकडे छिन्नीने ठोकलेले. पत्र्याची कड हाताला लागते. तू प्रत्येक कार्डाची कड कानस घेऊन स्वतः गुळगुळीत केली होतीस, दहाही कार्डांची, चारही बाजू. मी कडेवरून बोट फिरवत राहिले. तू म्हणालीस, "दखत काय बसनी, लाव खिळाले." एवढंच. माझ्या लग्नात तू दिलेलं सोनं मी केव्हाच विसरले.

आता होळीची गोष्ट. ती तू विसरली असशील. तुझ्या दृष्टीने त्यात काही घडलं नव्हतं. धडगावच्या पलीकडची, डोंगरातली एक बाई आपल्याकडे हंगामाला यायची, पथारीमागच्या पालात राहायची. खुडणीत तिच्या हाताला जोड नव्हती. होळीला त्यांचं सगळं गाव जिथे असेल तिथून परत जातं. त्या वर्षी तिच्या भावाने व्रत धरलं होतं, अंगाला राख फासून, कमरेला घुंगरं बांधून नाचायचं होतं, आणि त्याच्या घरचं असं तिच्याखेरीज कोणी उरलं नव्हतं. होळीच्या चार दिवस आधी ती माझ्याकडे आली. मी परीक्षेचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसले होते. "ताई, आमी गेलो का चक्की उपाशी राहील. दोन पोते जादा करून ठेवू का?" खिळे रिकामे होते, कार्ड नव्हतं. पण ती म्हणत होती ते शहाणपणाचं होतं, मी मनात हिशेब करून पाहिला. म्हटलं, "कर." ती म्हणाली, "मोठी बाई?" मोठी बाई म्हणजे तू. मी म्हटलं, "मी सांगते."

मी तुला सांगितलं नाही. रोज सांगणार होते. तुझ्यापुढे कसं बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात ताडपत्रीखालची दोन बिनकार्डाची पोती तुला सापडली. "हाई कोनं काम शे?" बाई पुढे आली. तिने माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि मी खिळ्यांकडे बघितलं. तू शिवी दिली नाहीस. पोती अंगणात ओतायला लावलीस आणि म्हणालीस, "मोज." ती म्हणाली, "काय मोजू, बाई?" तू म्हणालीस, "मिरच्या. कार्ड नई, मंग माले कसं समजी किती शेतस त्या?"

तिने मोजल्या. वीस मिरच्यांचा एक ढीग, ढिगामागे एक देठ बाजूला. तिला विसापुढे मोजता येत नव्हतं आणि तुला ते माहीत होतं. पहिला दिवस गेला. डोंगरात जाणारी शेवटची जीप दुसऱ्या दिवशी दोनला नाक्यावरून सुटणार होती. तिच्या गावच्या बाया गाठोडी घेऊन फाटकाशी उभ्या, आणि ती देठ मोजत होती. दीडला ती उठली, किती विसा ते तुला सांगितलं. तू तिच्याकडे न बघता म्हणालीस, "परत मोज." नाक्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती खाली बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हॉर्न बंद झाला, जीप गेली, तेव्हा ती उठली, मांडीवरचे देठ झटकले आणि तळोद्याच्या रस्त्याने चालत निघाली. पायी ती होळीला पोचली असेल असं मला वाटत नाही. तू मला म्हणालीस, "बस तिन्ही जागावर. तू मोज."

मीही मोजल्या, माय. दोन दिवस. तिच्या आणि माझ्या आकड्यात चाळीस मिरच्यांचा फरक आला, आणि चूक माझीच असणार. आकडा सांगायला आले तर तू दुसऱ्याच कामात होतीस. तू विचारलाच नाहीस. ती परत आली नाही, तिच्या पाड्यावरचंही कोणी आलं नाही. तू म्हणायचीस, "कामन्या चोर." तिला मी "कर" म्हटलं होतं, हे तुला आज पहिल्यांदा कळतंय. मला तुझी भीती वाटत होती. कारण एवढंच होतं, आणि ते पुरेसं नाही.

तू गेलीस आणि तेराव्यानंतर पहिलं काम मी हे केलं की हात मांडीवर बंद. कार्ड नसेल तर बायांनी छपरात बसायचं, चहा घ्यायचा, पंख्याखाली पाठ टेकायची. बाहेरून माल बघायला येणाऱ्यांना मी ती जागा मुद्दाम दाखवते आणि त्यांनी कौतुक केलं की "यात काय विशेष" म्हणते. पत्र्याच्या जागी प्लॅस्टिकची कार्डं आली, खिळ्यांच्या जागी हुकांचा, कुलूप लागणारा फळा. आणि बारा वर्षांपूर्वी ही बाई आली, जिला मी काल बसवलं. तळोद्याकडची, बारावी झालेली, खुडायलाच आली होती. दोन महिन्यांनी मला म्हणाली, "मॅडम, नऊ नंबर सारखा सगळ्यात शेवटी येतो. त्याचं पोतं चक्कीवाला भिंतीकडे लोटतो." मी बघितलं, खरं होतं. फळा तिच्याकडे दिला, तिला सुपरवायझर केलं. तिला तोंडावर चांगलं कधी म्हटलं नाही. ही सवय कुणाची ते सांगायला नको.

गेल्या वर्षी होळीआधी ती म्हणाली, "मॅडम, होळीपुरती चार-पाच जादा कार्डं काढू या का? वेगळ्या रंगाची. बाया गेल्या तरी चक्की चालेल, आणि जाण्याआधी त्यांना काम मिळेल. होळी झाली की कार्डं परत पेटीत." मी म्हटलं, "बघू." त्याच्या आधीच्या वर्षीही तिने हेच विचारलं होतं आणि मी हेच म्हटलं होतं. पाच कार्डं, माय. ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीला जे दोन मिनिटांत पटलं होतं, ते करायला पथारीच्या मालकिणीला दोन वर्षं पुरली नाहीत.

काल साडेआठला मी चक्कीकडे निघाले आणि वाटेत दोन पोती शेजारी शेजारी दिसली. दोन्हींना सात नंबरचं कार्ड. चारच दिवसांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून माल परत आला होता, तिखटाला बुरशीचा वास. मी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. ती समोरूनच येत होती. मी विचारलं, "हे काय आहे?"

"कार्ड, मॅडम."

"सात नंबरची किती कार्डं आहेत आपल्याकडे?"

"आपलं एक. माझं एक."

"तुझं?"

"पाच केलीत मी, झेरॉक्सच्या दुकानातून. कोपरा कापलाय बघा, ओळखू यावीत म्हणून. होळीपुरतीच."

"कुणाला विचारून?"

"तुम्हालाच. दोन वर्षं विचारते आहे."

चक्कीवाला हसला. खुडणीतून कोणीतरी म्हणालं, "घ्या, आते सांगा." मी म्हटलं, "बस तिथे." तिला वाटलं छपरात. "अंगणात. हात मांडीवर. उताणे." तिने हे कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. जुन्या बायांतल्या एकीचा हात थांबला आणि ती शेजारणीला म्हणाली, "मोठी बाई परत उनी व." मला ऐकू आलं. सुपरवायझर खाली बसली, ओढणी नीट केली, आणि हात ठेवले. नऊ तास. जाता-येता बाया आधी थट्टा करत होत्या, "काय व, आज तुले बी सुट्टी?" दुपारनंतर तेही थांबलं. ती रडली नाही. चार दिवस परत आलेल्या मालाची जी आग माझ्या पोटात होती, ती एका माणसाच्या तळहातांवर ठेवता आली, याचं सुख फार मोठं असतं. तुला ते माहीत होतं. मला एवढ्या वयात कळलं. आणि एक फरक आहे: तू निदान पाणी पाजायचीस.

आज सकाळी व्यापाऱ्याला उत्तर लिहायचं म्हणून मी परत आलेल्या पिशव्या उघडल्या. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी असते, कोणत्या कार्डाच्या पोत्यातलं तिखट, कधी खुडलं, कधी दळलं. कोपरा कापलेल्या कार्डांच्या चिठ्ठीवर तिने बारीक "हो" लिहिलं आहे, होळीसाठी. बुरशी आलेल्या पिशव्यांतल्या एकाही चिठ्ठीवर "हो" नाही. त्या सगळ्या तीन आणि चार नंबरच्या आहेत, आपल्या खऱ्या कार्डांच्या. ती दोन पोती चक्कीपाशी नऊ दिवस भिंतीला लागून उभी होती, कारण एका नव्या गिऱ्हाइकाची घाई होती आणि मी फोनवरून चक्कीवाल्याला सांगितलं होतं, कार्डांचं राहू दे, आधी हा माल काढ. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता. तिने तेव्हा मला सांगितलं होतं, "मॅडम, तीन-चार आधी दळू या, भिंत ओली आहे." मी म्हटलं होतं, "मालक कोण आहे?" हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

म्हणजे अकरा वाजता मला सगळं कळलं होतं. बाया होळीला निघणार होत्या एक वाजता. दोन तास अंगण भरलेलं होतं. मी ऑफिसात बसून एक कागद लिहिला: परत आलेला माल खराब झाला तो माझ्या सांगण्यामुळे, यात सुपरवायझरचा काही दोष नाही, काल जे केलं ते चुकीचं होतं. सही केली, शिक्का मारला. मग खिडकीतून गाड्या भरताना बघत राहिले. बाया छतावर गाठोडी फेकत होत्या, ओरडत होत्या, एकीची चप्पल खाली राहिली म्हणून गाडी थांबवली, सगळ्या हसत होत्या. गेल्या. अडीचला मी हे लिहायला बसले.

आता सव्वासहा झालेत. ती पाचला आली. तिने वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या, मी एकेक बघितली. ती म्हणाली, "तपासून घ्या, मॅडम." मी तपासलं. मग मी कागद पुढे केला. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. पूर्ण वाचला, शिक्काही बघितला. म्हणाली, "मॅडम, हे अंगणात वाचून दाखवा."

"अंगणात कोणी नाही."

"ते मला माहीत आहे."

"होळीनंतर सगळ्या आल्या की वाचेन."

"तेव्हा मी नसेन."

"मग थांब." हे मी हुकमासारखं म्हटलं. दुसऱ्या तऱ्हेने म्हणायचं होतं, तोंडातून तसं आलं नाही. तिने कागदाची घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुम्हीच ठेवा, मॅडम. नंबर टाकून ठेवा." मग ती फाटकापर्यंत गेली, वळून फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि तळोद्याच्या रिक्षात बसली.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुला पाठवायचा पत्ता नाही, आणि दुसऱ्या कोणाला दाखवण्याची माझी तयारी नाही. एकच गोष्ट राहिली. ती "अंगणात वाचा" म्हणाली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं आणि अंगण रिकामं होतं. माय, त्याचं मला बरं वाटलं.

आज संध्याकाळी सुपरवायझरकडून ताब्यात मिळालं: कार्डं दहा, एक ते दहा, सर्व धड. जादा कार्डं पाच, कोपरा कापलेली. जादा कार्डांची पोती पाच, भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर, हाताला कोरडी. फळ्याची किल्ली. चिठ्ठ्यांचं पुस्तक, आजपर्यंत भरलेलं. कात्री, दाभण, सुतळीचा गुंडा. होळीनंतर कामावर येणाऱ्या बायांची यादी, नावं बावीस, शेवटचं, तिचं स्वतःचं, खोडलेलं. माझ्याकडून तिला: कागद एक, सहीशिक्क्यासह. घेतला नाही.